मंगळवार आणि गुरुवार

जूनचा दुसरा आठवडा, पावसाने नुकताच जम बसवलेला. कोकणातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी, छोट्या उद्योगांच्या योजना बघणाऱ्या एका कार्यालयाबाहेर बाकावर एक बाई बसल्या होत्या. छत्री पायाशी ठेवलेली, तिच्यातलं पाणी फरशीवरून ओघळत उंबऱ्यापर्यंत गेलेलं. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली कर्जाच्या अर्जाची फाईल, आणि फाईलवर आणखी एक लहानशी पिशवी, गुलाबी रबर लावून बंद केलेली. आत पाव किलोभर काजूगर. त्या दिवशी बुधवार होता. दारावर अर्ध्या कागदावर टाईप केलेली सूचना होती : ‘अतिरिक्त कार्यभार. भेटण्याचे वार मंगळवार व गुरुवार.’ बाईंनी आतल्या टेबलावरच्या मुलाला विचारलं, “सायब आज येवचे नाय?” तो म्हणाला, “काकी, ते मंगळवार-गुरवारीच येतत. उद्या येशात?” बाई गप्प राहिल्या. गाव घाटाच्या पायथ्याचं, येताना दोन गाड्या बदलायच्या, परतीची शेवटची एसटी साडेचारची. उद्या यायचं म्हणजे पुन्हा अख्खा दिवस.

दारावरच्या त्या कागदाची सेलोटेप पिवळी पडली होती.

एवढीशीच गोष्ट, पण ती मनातून जाईना. सेलोटेप पिवळी पडायला आणि कडेने सुटायला कोकणातल्या दमट हवेतही एखादं-दुसरं वर्ष लागतंच. अतिरिक्त कार्यभार म्हणजे तात्पुरती सोय : एखादा माणूस निवृत्त झाला, बदलून गेला, तर दुसरा येईपर्यंत शेजारच्या टेबलावरच्याने किंवा शेजारच्या जिल्ह्यातल्याने सांभाळायचं. ती सोयच जेव्हा कायमची व्यवस्था होते, तेव्हा दारावरचा कागद बदलायचं कुणाच्या लक्षातही येत नाही. कार्यालय चालू असतं. शिक्के उमटतात, पत्रं जातात, आढावा बैठकीत आकडे सांगितले जातात. बाकावर बसलेल्या माणसाला मात्र आठवड्यातले दोनच दिवस कार्यालय असतं, आणि त्या दोन दिवसांतला एक बहुतेक वेळा बैठकीत जातो.

उद्योग खात्याची तालुक्याशी गाठ असते ती उद्योग निरीक्षकामार्फत. हे गट-क मधलं पद, लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून भरलं जाणारं. पद रिकामं झालं की आधी बिंदुनामावली, म्हणजे आरक्षणाचा क्रम, तपासायची, मग मागणीपत्र, मग जाहिरात, पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा, शिफारस, कागदपत्रांची पडताळणी, नेमणूक. या साखळीत कुठे न्यायालयीन प्रकरण अडकलं तर काळ आणखी लांबतो. नेमणूक होऊन आलेला मुलगा किंवा मुलगी बहुतेक वेळा घाटावरची. हुशार असतात, मेहनतीही असतात. पण कोकमाचा रातांबा कधी पिकतो, काजूची बी कधी बाजारात येते, जूनमध्ये कोणत्या गावचा साकव पाण्याखाली जातो, हे उमगायला दोन पावसाळे लागतात. ते उमगेपर्यंत आईवडिलांच्या गावाजवळ बदलीचा अर्ज गेलेला असतो. त्यात चूक काहीच नाही. कुणीही तेच करील. फक्त दोन पावसाळ्यांत जे कमावलं, ते माणसाबरोबर घाट चढून जातं.

दोन टेबलं सांभाळणारा माणूस दोन्हीकडे अर्धा-अर्धा वाटला जात नाही, हे ज्यांनी हे काम जवळून पाहिलंय त्यांना ठाऊक आहे. आधी सह्या होतात, मग बैठका, मग विधानसभेच्या तारांकित प्रश्नाची माहिती, मग माहिती अधिकाराचे अर्ज, मग निवडणूक असेल तर निवडणुकीचं काम. जुन्या बीज भांडवल कर्जांची वसुलीही त्याच माणसाकडे असते, म्हणजे सकाळी ज्याला ‘उद्योग काढ’ म्हणून सांगायचं त्याच्याच चुलत्याच्या दारात दुपारी थकबाकी मागायला उभं राहायचं. या सगळ्यातून सर्वांत आधी सुटतं ते गावात जाणं. कारण गावात जाण्याचा रकाना कुठल्याच मासिक अहवालात नसतो.

आणि गावात जायचं तर पैसे कुठून, हाही प्रश्न आहेच. राज्याच्या अंदाजपत्रकात अशा कार्यालयाचा खर्च ‘उद्दिष्टां’त, म्हणजे क्रमांक दिलेल्या बाबींत, विभागलेला असतो : ०१ वेतन, ०६ दूरध्वनी-वीज-पाणी, १० कंत्राटी सेवा, ११ देशांतर्गत प्रवास खर्च, १३ कार्यालयीन खर्च, २४ पेट्रोल-तेल-वंगण. वेतनाला सहसा धक्का लागत नाही. अनुदानाची तरतूद वेगळ्या शीर्षाखाली, तिच्यावर सगळ्यांचं लक्ष. मधले ११ आणि २४ हे दोन आकडे मात्र बीडीएसवर, म्हणजे निधी वाटपाच्या सरकारी संगणक प्रणालीवर, टप्प्याटप्प्याने उतरतात, वर्षाच्या मध्ये कपात आली की ती आधी तिथेच लागते, आणि उरलेली रक्कम मार्चच्या शेवटच्या आठवड्यात येते. तेव्हा ती खर्च करायला माणूस मोकळा नसतो, कारण मार्चमध्ये तो कर्जप्रकरणांची ठरलेली संख्या गाठण्याच्या मागे असतो. गाडी दारात उभी असते, चालकाचं पद रिक्त असतं; किंवा चालक असतो आणि टाकीत डिझेल नसतं.

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचं, म्हणजे पीएमईजीपीचं गणित घेऊ. ग्रामीण भागातली महिला विशेष प्रवर्गात येते. १० लाखांचा प्रकल्प असेल तर स्वतःचे ५ टक्के म्हणजे ५० हजार घालायचे, बँक साडेनऊ लाख देते, आणि प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्क्यांचं, म्हणजे साडेतीन लाखांचं अनुदान सरकारकडून येतं. ते थेट हातात पडत नाही. बँकेत तिच्या नावाने तीन वर्षं मुदत ठेवीसारखं पडून राहतं, त्यावर व्याज मिळत नाही आणि तेवढ्या कर्जावर व्याज लागतही नाही. तीन वर्षांनी प्रत्यक्ष पडताळणी झाली, उद्योग चालू दिसला, की ते कर्जात वळतं होतं. या योजनेच्या एकूण तरतुदीतले ५ टक्के प्रशिक्षण, मेळावे, प्रचार आणि पडताळणीसाठी बाजूला ठेवलेले असतात. पण त्या ५ टक्क्यांतून तालुक्याला बसणाऱ्या एका कायमच्या माणसाचा पगार निघत नाही. साडेतीन लाख द्यायची तयारी आहे; ते साडेतीन लाख वाया जाऊ नयेत म्हणून चार वेळा गावात जाऊन येण्याचे सात हजार, म्हणजे अनुदानाचे अवघे दोन टक्के, कुठल्याच शीर्षात सापडत नाहीत.

आता त्या गुलाबी रबराच्या पिशवीकडे येऊ.

मुलाने ती उघडून टेबलावरच्या कोऱ्या कागदावर पसरली. काजूगर बघणाऱ्याला बोलून सगळं सांगतात. अख्खे थोडे, पाकळीच जास्त. काहींच्या खाचेत लालसर साल चिकटून राहिलेली. सात-आठ गरांवर तपकिरी डाग, कवचातल्या तेलाचे. पाकळी जास्त म्हणजे बी वाफवण्यात कमी पडलं, कवच ताठ राहिलं आणि कटरच्या पात्याखाली गरही दुभंगला. डाग म्हणजे वाफवलेलं बी पसरून रात्रभर नीट निवू न देता गरम असतानाच कापायला घेतलं, किंवा कापणाऱ्या हाताला राख वा तेल कमी चोळलं आणि तोच हात गराला लागला. चिकटलेली साल म्हणजे गर ड्रायरमध्ये पुरेसा सुकला नाही. सत्तर अंशाच्या आसपास सहा ते आठ तास लागतात, आणि चुलीच्या धगीवर किंवा पत्र्यावरच्या उन्हात ते जूनमध्ये होणं नाही. यातली एकही गोष्ट अवघड नाही. एखाद्या जाणत्या माणसाने अर्धा दिवस तिच्या पडवीत बसून दाखवलं असतं तर तेच बी अख्ख्या गराचा भाव घेऊन आलं असतं. चार किलो बियांना साधारण एक किलो गर, हे कुणालाच चुकत नाही. त्या एका किलोत अख्खा किती आणि तुकडा किती, यावर बाईंचं वर्ष उभं राहतं किंवा बसतं.

बाईंनी माळ्यावर पंधरा पोती बी ठेवलं होतं, ऐंशी किलोच्या हिशोबाने बाराशे किलो. मार्चपासून मेपर्यंत जमेल तसं, गावातून आणि शेजारच्या वाडीतून घेतलेलं. काजूच्या धंद्यातली सगळी मेख इथे आहे. बी फेब्रुवारी ते मे येतं आणि मग येत नाही. पुढचे नऊ महिने काम चालवायचं तर त्या तीन-साडेतीन महिन्यांत वर्षाचा माल विकत घेऊन, दोन-तीन उन्हं चांगली देऊन, बी कडकडीत वाळलं आहे याची खात्री करून पोती फळीवर, भिंतीपासून हातभर दूर रचायची. ओल राहिली तर आषाढात पोत्यातून आंबूस वास सुटतो आणि गर आतून काळा पडतो. म्हणून काजूच्या छोट्या युनिटमध्ये यंत्रापेक्षा खेळतं भांडवल मोठं असतं. दिवसाला शंभर किलो बी फोडणारं घरगुती युनिट वर्षात अडीचशे दिवस चाललं तर त्याला पंचवीस टन बी लागेल. किलोला सव्वाशे रुपये धरले तरी सव्वाएकतीस लाख झाले. यंत्रं, शेड, ड्रायर सगळं धरून त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात बसतं.

आणि प्रकल्प अहवालात खेळतं भांडवल किती लिहिलेलं असतं? एक महिन्याचं. कारण तो अहवाल तालुक्याच्या ठिकाणच्या सायबर कॅफेत तयार होतो, आणि तिथला नमुना पिठाच्या गिरणीचा, मसाला कांडपाचा किंवा पशुखाद्याचा असतो. ज्या धंद्याला कच्चा माल बारा महिने बाजारातून आठवड्याला आणता येतो, त्याला एक महिना पुरतो. काजूला पुरत नाही, आमसुलाला पुरत नाही, आंब्याच्या पल्पला पुरत नाही. एक महिन्याच्या भांडवलात अडीच टन बी येतं आणि जुलैत संपतं. मग व्यापाऱ्याकडून आफ्रिकेतून आलेलं बी उधारीवर घ्यायचं, तो म्हणेल त्या दराने, किंवा यंत्रावर प्लास्टिक टाकून ठेवायचं. उलट बाजूनेही अडचण आहे. पीएमईजीपीचा नियम सांगतो की कॅश क्रेडिटची, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या कर्जखात्याची, उचल तीन वर्षांत निदान एकदा पूर्ण मर्यादेला पोचली पाहिजे आणि वापर ७५ टक्क्यांच्या खाली असता कामा नये; नाहीतर त्या प्रमाणात अनुदान परत जातं. काजूवाल्याचं खातं मेमध्ये काठोकाठ भरलेलं असतं आणि दिवाळीनंतर रिकामं होत जातं, कारण माल विकून तो पैसे भरतो. प्रामाणिकपणे परतफेड करणाऱ्यालाच हा नियम नडू शकतो. हे त्याला आधी सांगणारं, आणि मर्यादा किती मागावी हे त्याच्याबरोबर बसून ठरवणारं माणूस हवं. तो हिशोब अर्ध्या तासाचा आहे.

अशी कार्यालयं, म्हणजे जिल्हा उद्योग केंद्रं, सुरू झाली तेव्हा असं माणूस जवळ असावं हीच कल्पना होती. १९७७ च्या औद्योगिक धोरणाने सांगितलं की छोट्या उद्योजकाला लागणारं सगळं जिल्ह्यातच, एका छताखाली मिळावं, आणि १९७८ मध्ये ही केंद्रं आली. मूळ आखणीत एक महाव्यवस्थापक आणि त्याच्या हाताखाली सात व्यवस्थापकांपर्यंतची रचना होती : कुणी कर्जाचं बघायचं, कुणी यंत्रसामग्रीचं, कुणी विक्रीचं, कुणी कुटिरोद्योगांचं. त्यात कच्च्या मालासाठी एक स्वतंत्र व्यवस्थापक होता. ही गोष्ट आज वाचताना थबकायला होतं. कोकणात त्या माणसाला केवढं काम होतं! फेब्रुवारीत बी किती उतरणार, कुठल्या तालुक्यात मोहोर जळला, मेच्या शेवटी वळीव आला तर रातांब्याची आमसुलं कुठे सुकवायची, एवढंच त्याने पाहिलं असतं तरी पुष्कळ होतं. पुढे खर्चाचा भार राज्यांकडे आला, योजना बदलत गेल्या, आणि विषयवार जाणकारांच्या जागी हळूहळू योजनावार टेबलं आली. एका योजनेचा एक नोंदवहीचा गठ्ठा, एक पोर्टल, एक पासवर्ड. ‘चांदा ते बांदा’ आली आणि गेली, मग ‘सिंधुरत्न समृद्ध’ आली. प्रत्येकीचा अर्ज नवा, राबवायला विभाग तेच.

योजनेबरोबर माणूस द्यायचा वेगळा प्रयोग सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत, पीएमएफएमईत, २०२० पासून झाला. तो नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण त्यात चांगलं आणि अपुरं दोन्ही शेजारी-शेजारी आहे. योजना ३५ टक्के अनुदानाची, जास्तीत जास्त १० लाख. महाराष्ट्रात ती कृषी विभागाकडे आहे. तिच्यात जिल्हा संसाधन व्यक्ती नेमली जाते. तिने अर्ज भरून द्यायचा, प्रकल्प अहवाल करायचा, बँकेत पाठपुरावा करायचा, अन्न परवाना, उद्यम नोंदणी करून द्यायची. मोबदला मंजूर कर्जामागे २० हजार रुपये. अर्धे बँकेने कर्ज मंजूर केल्यावर, उरलेले अर्धे जीएसटी, उद्यम, अन्नसुरक्षेचे निकष, प्रशिक्षण आणि प्रकल्पाची उभारणी हे सगळं झाल्यावर. कल्पना फार चांगली आहे. कुणाच्या तरी खिशाचा संबंध बाईंच्या फाईलशी जोडला गेला. पण पैसे मंजुरीनंतर. बँकेने नाकारलेल्या फाईलमागे तीन महिने घातलेलं पेट्रोल त्या व्यक्तीच्याच पदरचं. समोर दोन अर्ज असतील, एक शहरालगतच्या वीस लाखांच्या बेकरीचा, ज्याचं खातं बँकेत दहा वर्षं चालू आहे, आणि दुसरा घाटाखालच्या वाडीतल्या दोन लाखांच्या आमसुलांचा, ज्याच्या सातबारावर अठरा नावं आहेत, तर दोन्हीला मोबदला तोच. माणूस कुठे आधी जाईल हे सांगायला नको, आणि त्याला बोल लावायलाही जागा नाही. त्याचं घर त्या वीस हजारांवर चालतं. गावात पहिली भेट, सातबारा तपासून दिलेला सल्ला, अगदी ‘हा धंदा इथे चालणार नाही’ असं प्रामाणिकपणे सांगणं, या प्रत्येक टप्प्याला थोडे थोडे पैसे ठेवले असते तर हीच योजना वाडीपर्यंत पोचली असती.

सातबारावरची नावं हा कोकणातला सर्वांत चिवट अडसर. जमीन सामाईक, घर सामाईक. बँक विचारते, शेड कुठे उभी राहणार? सातबारा पुढे केला की त्यावर आजोबांच्या भावांची, त्यांच्या मुलांची, लग्न होऊन गेलेल्या मुलींची नावं. कुणी लालबागला, कुणी विरारला, कुणी बडोद्याला. प्रत्येकाचं संमतीपत्र हवं, ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर, ओळखपत्राच्या प्रतीसह. टपालाने पाठवलेले कागद महिनोन् महिने परत येत नाहीत. भांडण म्हणून नव्हे, कुणी बँकेत अडकलेला, कुणी रांगेत, म्हणून राहून जातं. हे सगळे लोक एका ओटीवर एकत्र येतात ते वर्षातून एकदाच, गणपतीत. त्या पाच दिवसांत आरतीनंतर, माणसं उकडीचे मोदक खाऊन सैलावलेली असताना, कागद पुढे केला तर सगळ्या सह्या अर्ध्या तासात होतात. गौरी विसर्जन झालं की दुसऱ्या सकाळपासून माणसं परतीच्या गाडीला. मात्र ते पाच दिवस सुट्ट्यांचे. स्टॅम्प विकणारा बंद, तलाठी बंद, कार्यालय बंद. म्हणून स्टॅम्प श्रावणातच घेऊन ठेवायचे, मजकूर आधी टाईप करून ठेवायचा, नोटरीला आधी गाठून ठेवायचं, आणि वारसाची नोंद राहिली असेल तर तिचा फेरफार त्याच्याही आधी टाकायचा. हे जाणणारा एक माणूस तालुक्यात असेल तर त्या एका आठवड्यात कितीतरी फायली मोकळ्या होतील.

ही झाडांची आणि माणसांची दिनदर्शिका आहे : श्रावणात कागद, गणपतीत सह्या, दसऱ्याला यंत्राची कोटेशनं, दिवाळीनंतर बँकेत फाईल, डिसेंबरमध्ये मंजुरी, त्याच सुमाराला थ्री-फेजसाठी महावितरणकडे अर्ज, जानेवारीत घाट उतरून यंत्र आलं की गेल्या वर्षीच्या दोन पोत्यांवर चाचणी, आणि फेब्रुवारीत पहिलं बी. सरकारी पैशाची दिनदर्शिका ३१ मार्चला संपते. उद्दिष्टाची घाई जानेवारीत सुरू होते, मंजुऱ्या मार्चमध्ये होतात, पहिला हप्ता एप्रिल-मेमध्ये, यंत्र जूनमध्ये, तेही घाटात दरड आली नाही तर. तोपर्यंत बी व्यापाऱ्याच्या गोदामात गेलेलं असतं. नवं यंत्र आठ महिने पावसाळी हवेत बसून राहतं, बेअरिंगवर गंज चढतो, आणि परतफेडीचा हप्ता मात्र सुरू होतो. थकीत गेलेल्या कितीतरी कर्जांचं मूळ या आठ महिन्यांत आहे, आणि कुठल्याही आढाव्यात त्याची नोंद ‘लाभार्थीची उदासीनता’ अशी होते. हा शब्द वाचला की जीव तुटतो.

पडताळणीचंही तसंच. तीन वर्षांनी येणाऱ्या माणसाने उद्योग चालू पाहिला पाहिजे, दारावर योजनेचा फलक पाहिला पाहिजे. कोकमाचं युनिट एप्रिल ते जून पेटतं. तो माणूस ऑगस्टमध्ये आला तर त्याला कुलूप दिसतं, आणि फलक पागोळ्यांच्या माऱ्याने गळून पडलेला. युनिट हंगामी आहे, आगळाचे, म्हणजे कोकमाच्या रसाचे, कॅन खोलीत भरलेले आहेत, विक्री चालू आहे, हे त्याला समजावून सांगणारा स्थानिक कर्मचारी बरोबर नसेल तर शेरा पडतो ‘बंद’. साध्या गोष्टी आहेत : फलक पत्र्याचा करून पडवीच्या आत लावावा, विक्रीची बिलं आणि वीजबिलं महिन्यावार एका फाईलला लावावीत, हंगामात युनिट चालू असतानाचे फोटो तारखेसह काढून ठेवावेत. कर्ज मंजूर होतानाच हे कुणी सांगितलं तर तीन वर्षांनी धावाधाव होत नाही.

बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांकडे पाहिलं की दुसरी रीतही शक्य आहे हे कळतं. कर्नाटकात उजिरेला १९८२ मध्ये सुरू झालेल्या संस्थेवरून हा नमुना घेतलेला. प्रत्येक जिल्ह्यात एक, चालवणारी बँक. संचालक म्हणून बँकेचाच अधिकारी. इमारतीसाठी ग्रामविकास मंत्रालयाचं अनुदान, ग्रामीण गरीब प्रशिक्षणार्थींचा खर्च सरकारचा, बाकी बँकेचा. निवासी, मोफत, आणि नंतर दोन वर्षं पाठपुरावा करायचा हे कामातच धरलेलं. पाठपुरावा हा शब्द तिथे पगारात मोजला जातो, हा मोठा फरक आहे. पण अधिकारी बँकेचा, म्हणजे तोही बदलून जाणार, आणि दोन-तीन प्रशिक्षकांवर अख्खा जिल्हा. गावपातळीवर ‘उमेद’ या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाची आणि माविमची, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळाची, माणसं खरी चालतात, बचतगटाची वही, कुणाची परतफेड चुकली, कुणाच्या घरात आजारपण आहे, सगळं प्रभाग समन्वयकाला आणि समुदाय संसाधन व्यक्तीला पाठ असतं. ती माणसं कंत्राटावर किंवा मानधनावर. मानधन दोन-दोन महिने उशिरा आलं तरी त्या बायका बैठका चुकवत नाहीत.

आणि तो टेबलावरचा मुलगा. बाह्यस्रोत संस्थेकडून आलेला, डेटा एंट्रीचा. साहेब तीन बदलले, तो आहे. कुठल्या शाखेचा व्यवस्थापक काजूला कर्ज देतो आणि कोण टाळतो, पोर्टलवर फोटोचं माप किती लागतं, आठवी पासचा दाखला कुणाला लागतो आणि कुणाला नाही (उत्पादनात १० लाखांच्या, सेवेत ५ लाखांच्या वरच्या प्रकल्पालाच), हे सगळं त्याला तोंडपाठ. सही करायचा अधिकार त्याला नाही, गावात जायचा आदेश निघत नाही, आणि कंत्राट दर वर्षी नव्याने. कार्यालयाची खरी आठवण त्याच्यापाशी आहे. अशा मुलांना परीक्षेत अनुभवाचे काही गुण देऊन, त्याच जिल्ह्यात निदान पाच वर्षं राहण्याच्या बोलीवर कायम करून घ्यावं, आणि ११ क्रमांकाच्या प्रवास खर्चाला अनुदानाच्या तरतुदीशी ठरावीक टक्क्याने बांधून टाकावं, म्हणजे अनुदान आलं की प्रवासही आला. एवढ्या दोन गोष्टी झाल्या तरी घाटाखालच्या वाड्यांना फरक दिसेल असं मनापासून वाटतं.

बाईंची फाईल त्याने त्या दिवशी पानापानाने तपासली. कोटेशन तीन महिन्यांच्या मुदतीचं होतं, मार्चमध्येच संपलेलं. नवीन आणायला सांगितलं, यंत्रवाल्याचा नंबर लिहून दिला. अहवालातल्या खेळत्या भांडवलाच्या आकड्याभोवती पेन्सिलने गोल केला आणि म्हणाला, “ह्यां सायबांक इचारूया, ह्यां कमी पडतला.” घराच्या असेसमेंटचा उतारा सासऱ्यांच्या नावाचा होता. सह्यांचं विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, “चतुर्थेक येतले सगळे.” त्याने समोरच्या कॅलेंडरची दोन पानं उलटून पाहिलं आणि फाईलवर तारीख टाकली.

बाहेर पाऊस वाढला होता. बाई उठल्या, छत्री झटकली. गरांची पिशवी टेबलावरच राहू द्या म्हणाल्या, साहेब उद्या आले तर बघतील. मुलाने कागदावर पसरलेले गर पुन्हा पिशवीत भरले, डाग पडलेले वेगळे एका कागदाच्या पुडीत बांधले, म्हणजे काय चुकलं ते दाखवता येईल. रबर दोन वेढे घालून लावलं. खालच्या कप्प्यातून चहाच्या पावडरीचा रिकामा पत्र्याचा डबा काढला, हवेने सादळू नयेत म्हणून दोन्ही पुड्या त्यात ठेवल्या, झाकण घट्ट दाबलं, आणि झाकणावर गावाचं नाव लिहिलेली चिठ्ठी लावायला सेलोटेप शोधू लागला.